चौथ्या माणसाची वेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मरोदा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी विद्वान मंडळी बोलून गेली. मी कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. ज्ञानेश्वरीवर अगर नाट्यसंगीतावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी 'सायकल' असे म्हणालो, आणि त्यांचा चेहरा पाहण्याजोगा झाला. परंतु गेल्या महिन्यात मंडळाच्या काही तरुण मुलामुलींनी कार्यकारिणीकडे एक अर्ज दिला आहे. चमू करून सायकलवर नागपूरला जाण्याची त्यांची इच्छा आहे, आणि त्या अर्जावर घरोघरी जो वाद पेटला आहे त्याची आच माझ्याही घरापर्यंत पोहोचली आहे. कारण अर्जावरील एक सही माझ्या नातीची आहे. तेव्हा आजचे बोलणे तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

भिलाईला सायकल नवी नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. भोंगा झाला की घंट्यांचा असा किणकिणाट उठे की स्वयंपाकघरातल्या बायका घड्याळ न पाहताच कणीक भिजवायला घेत. त्या लोंढ्यातच आमचा चमू जमला. चौघे होतो. एक सरदारजी, एक केरळचा फिटर, मी भंडाऱ्याकडचा, आणि चौथा गुंडरदेहीच्या वाटेवरच्या खेड्यातला एक छत्तीसगढी गडी, ज्याला सगळे 'दाऊ' म्हणत. दाऊ रोज अठरा किलोमीटर सायकल हाणीत कामावर येई आणि तितकीच हाणीत परत जाई. आम्ही ज्याला सराव म्हणत होतो ते त्याचे रोजचे जगणे होते.

आमच्या सायकली म्हणजे साध्या काळ्या ॲटलस आणि हीरो. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर आणि साखळीवरचे झाकण काढून टाकले की ती आमची शर्यतीची सायकल झाली! तरी वजन भरपूर उरे. पुढे ४८ दात, मागे १८. पायडलाच्या एका फेऱ्यात जवळजवळ सहा मीटर अंतर. गिअर बदलण्याची सोय नाही. चढ आला की उभे राहायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. (त्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. वाचून मला घरातले माणूस गेल्यासारखे झाले.) पहाटे मरोदा तलावाच्या बाजूने आम्ही फेऱ्या मारीत असू. आई दारात उभी राहून म्हणे, "सायकल चालवून काय भेटते रे तुले? पगार तं कारखाना देते!" पण शिदोरीत गूळ-शेंगदाणे बांधून तीच देई.

एका रविवारी आम्ही दल्ली-राजहरापर्यंत गेलो. आपल्या मरोदा स्थानकावरून लोहखनिजाच्या गाड्या जिथून येताना दिसतात, तिथे आपल्या पायांनी जाऊन यावे ही कल्पना दाऊची. जाताना ऐंशीपंच्याऐंशी किलोमीटर, तितकेच येताना. बालोदपर्यंत भातखाचरांचा सपाट मुलूख, कुसुमकसा ओलांडले की साल-सागाचे रान आणि चढ. त्या दिवशी आम्ही एकमेकांच्या मागोमाग चालवायला शिकलो, म्हणजे खरे तर दाऊच्या मागे चालवायला शिकलो. तो पुढे, आम्ही तिघे मागे. आम्हाला ते फार सोपे वाटले, आणि सोपे का वाटते हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत दुर्गहून राजनांदगावपर्यंत जाऊन परत येण्याची, चौघाचौघांच्या चमूंची एक हौशी शर्यत ठरली. अंतर साठ किलोमीटर. नियम सांगण्यात आले तेव्हा मी टायरमध्ये हवा भरीत होतो. ही गोष्ट मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. घडली तशी सांगतो आहे.

जाताना वारा पाठीशी होता. आमच्याकडे हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून वाहतो हे तुम्ही जाणताच. राजनांदगावला वळण घेतले आणि तोच वारा छातीवर आला. दाऊ पुढे झाला आणि कोणी काही न बोलता पुढेच राहिला. पंधरा-सोळा किलोमीटर त्याने एकट्याने तो वारा अंगावर घेतला. मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून होतो. शिवनाथ नदी जवळ आली तेव्हा दाऊचा वेग मंदावला, खांदे डुलू लागले. आणि मला माझ्या पायांत विलक्षण बळ जाणवले. मला वाटले, हाच क्षण. मी बाजूला होऊन पुढे निघालो. सरदारजींनी आणि फिटरने मागे वळून दाऊकडे पाहिले, व ते थांबले. मी वळून पाहिले नाही.

अखेरच्या रेषेवर मी सगळ्या चमूंतल्या सगळ्या गड्यांआधी पोहोचलो. हात वर केले. टाळ्याही झाल्या. घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते रस्त्याकडे पाहत होते. मी विचारले, "वेळ किती झाली?" ते म्हणाले, "अजून कुठे? चमूची वेळ चौथ्या माणसाची." सात मिनिटांनी ते तिघे आले, दाऊ मध्ये आणि दोघे आळीपाळीने पुढे. आम्ही दोन मिनिटांहूनही कमी फरकाने हरलो. मी त्यांच्याबरोबर राहून माझ्या वाट्याचा वारा घेतला असता तर ती दोन मिनिटे सहज भरून निघाली असती, हे हिशोब न करताही कळत होते.

दाऊने सायकल भिंतीला टेकवली, पाणी प्याला आणि म्हणाला, "तोर गोड़ म अब्बड़ दम हे." तुझ्या पायांत फार दम आहे. त्यात उपरोध नव्हता, आणि तेच मला सोसवेना. नंतर वर्षभर आम्ही एकत्र सायकल चालवली नाही. भेटलो की नमस्कार, बस्स.

यामागचे शास्त्र मला पुढे कळले. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती रस्त्याशी नव्हे तर हवेशी झगडण्यात खर्च होते. वेग दीडपट केला तर हवेसाठी लागणारी ताकद तिपटीहूनही अधिक वाढते. आणि पुढच्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याची जवळपास चतुर्थांश ते तृतीयांश मेहनत वाचते. म्हणजे शिवनाथपाशी माझ्या पायांत जो दम होता तो दाऊचाच होता. मी तो सोळा किलोमीटर उसना घेत आलो होतो. जगातल्या मोठ्या शर्यतींचे सारे राजकारण या एका गोष्टीवर चालते. ऑलिंपिकमध्ये १९६० पासून १९९२ पर्यंत चौघांची जी १०० किलोमीटरची संघशर्यत होती, तिथे वेळ तिसऱ्याची धरीत. आमच्या गावठी शर्यतीचा नियम त्याहून कडक होता, आणि आज मला तो अधिक शहाणपणाचा वाटतो. मुंबई–पुणे शर्यत मी एकदा बोरघाटात उभा राहून पाहिली आहे. तिथे घाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. घाटात वेग कमी, म्हणून वाऱ्याचा हिशोबही कमी. तिथे ज्याचे पाय त्याचे राज्य. सपाटीवर तसे नाही.

आता आपल्या माणसांकडे येतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत १९८२ पासून चालू आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. नऊ दिवसांच्या मुदतीत, नवव्या दिवशी. एक भाऊ रस्त्यावर, दुसरा गाडीत पाठ टेकून, आणि मग पाळीबदल. आपल्यासारख्या पाळी करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको! २०१७ साली ही शर्यत एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय झाले ते नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ. आणि त्यांच्यामागून काही तासांनीच पोहोचले आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ. याच समर्थांनी २०१८ साली मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची, नऊ हजारांहून अधिक किलोमीटरांची शर्यत पार केली. रशियन तज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून ज्यांनी भट्ट्या उभ्या केल्या त्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते ऐकून किती आनंद झाला असता!

'एकट्याने' हा शब्द मात्र सांभाळून घ्यावा. या एकट्यांच्या मागे गाडी असते. रात्री तिच्या दिव्यांच्या उजेडात चालवायचे असते, आणि त्या गाडीत वाट दाखवणारे, खायला देणारे, झोपेतून उठवणारे लोक असतात. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव निकालात येत नाही.

म्हणून पालकांना एक सांगतो. तुमची भीती खरी आहे. नागपूरचा रस्ता अडीचशे किलोमीटरांहून अधिक, आणि राजनांदगाव, चिचोला, देवरी, साकोली, भंडारा या वाटेवर ट्रकांची रीघ तुटत नाही. एकमेकांच्या चाकाला चिकटून चालवणे ही गोष्ट मोकळ्या रस्त्यावर फायद्याची आणि गर्दीत जिवावरची आहे. पुढच्याने ब्रेक लावला की मागचा पडतो. मुलांनाही सांगतो: पहिल्याच खेपेला नागपूर नको. प्रथम दल्ली-राजहरा, जाऊन-येऊन. जगभर हौशी सायकलस्वार ज्या दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्या करतात त्यांत २०० किलोमीटरांना साडेतेरा तासांची मुदत असते आणि क्रमांक काढलेच जात नाहीत. मुदतीत आला तो आला. हीच पद्धत आपण ठेवू. शिरस्त्राण आणि मागचा लाल दिवा यांवाचून कोणी निघणार नाही. मुलींना वेगळा नियम नाही. आणि वेळ लिहायची ती शेवटच्या पोराची अगर पोरीची.

दाऊशी माझे बोलणे पुन्हा सुरू कसे झाले, हे कोणीतरी विचारीलच. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो सायकलवर माझ्या क्वार्टरशी आला. परत निघाला तेव्हा मीही माझी सायकल काढली आणि त्याच्या खेड्यापर्यंत गेलो. वारा समोरचा होता. मी पुढे राहिलो. त्याने दोनदा पुढे येऊ पाहिले. मी येऊ दिले नाही. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

आता तो सायकल चालवीत नाही, गुडघे गेले. माझेही गेले. गेल्या आठवड्यात मी त्याला अर्जाची हकिगत सांगितली. त्याने कळवले आहे की मुले ज्या दिवशी निघतील त्या दिवशी त्याच्या अंगणात सकाळी सात वाजता गरम चिला आणि फरा तयार असेल, आणि वाटेसाठी ठेठरी-खुरमी बांधून मिळेल. मागच्या गाडीत पंप, ट्यूबा, पाणी आणि औषधाची पेटी घेऊन मी बसेन. गाडी चालवायला परवाना असलेले, आणि दुपारी न पेंगणारे, दोन पालक हवे आहेत. नावे कार्यवाहांकडे द्यावीत.