एकटी बाई कुठे निघाली?

(उंबरमाळी येथे शहापूर-मुरबाड परिसरातल्या महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

आज सकाळी कसारा लोकलने मी इथे उतरले. समोरच्या फलाटावर कल्याणकडे जाणाऱ्या बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. कुणाकडे वालाच्या शेंगा, कुणाकडे पानांचे बिंडे. त्यांच्यातल्या एकीबरोबरही घरातला पुरुष दिसला नाही. यातल्या काही जणी अंधारात पाड्यावरून निघाल्या असतील आणि अंधारातच परत येतील. तरीही या बैठकीचा विषय 'बाईचा एकटीचा प्रवास' असा कळवला, तेव्हा तुमच्यापैकीच एका ताईंनी निरोप पाठवला, "आमच्यात एकटी कोणी फिरत नाही हो. तो शहरातल्या बायकांचा विषय." म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

या तालुक्यातलं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला जातं. तानसाचं धरण तर १८९२ सालचं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन पाण्यासाठी मैलोन् मैल चालतात. तेव्हा "एकटी कुठे चाललीस?" असं कोणी विचारत नाही. सरपणाला गेलो, बाजाराला गेलो, मजुरीला गेलो, तरी विचारत नाही. देवाच्या नावानंही जाता येतं. पंढरीची वारी आहे, टिटवाळ्याची अंगारकी आहे, म्हसाची जत्रा आहे. माहेरी बाळंतपण असेल, कुणाचं मयत असेल, तरी जाता येतं. पण एखादी म्हणाली, "मला जरा डोंगरावर जाऊन बसावंसं वाटतं, मी जाऊन येते," तर? घर हादरतं. म्हणजे अडचण चालण्याची नाही, अंतराचीही नाही. अडचण आहे ती कारण नसण्याची. बाईनं बाहेर पडताना पदराला कारण बांधूनच निघायचं, असा हा अलिखित कायदा आहे.

आपली भाषाही तेच सांगते. पुरुष एकटा असला की आपण म्हणतो, 'एकटा जीव सदाशिव.' त्याच्या एकटेपणात मोकळेपणा आहे, थोडी चैनही आहे. बाईसाठी अशी म्हण मला अजून सापडलेली नाही. 'एकटी बाई' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती टाकलेली, विधवा, नाहीतर वाया गेलेली. गटांमध्ये परित्यक्ता बहिणी आहेत, त्यांना हे अधिक ठाऊक आहे. त्यांना एकटं टाकलं नवऱ्यानं, पण 'एकटी' हा डाग मात्र त्यांच्याच कपाळी.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक आठवण सांगते. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. वय नुकतंच १८ पूर्ण झालेलं. बरोबर मिशनरी स्त्रिया होत्या, पण नवरा नाही, माहेर-सासरचं कोणी नाही. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, त्यांनी जाहीर भाषण केलं. लोक त्यांना जे प्रश्न विचारून भंडावत होते त्यांची उत्तरं त्यांनी एकेक करून दिली. त्यातला एक प्रश्न होता, एकट्या का जाता? शिक्षणासाठी का जाता, हा प्रश्न पुरेसा नव्हता. या गोष्टीला दीडशे वर्षं होत आली. त्या तर शिकायला चालल्या होत्या, इतकं भक्कम कारण होतं, तरी त्यांना भर सभेत हिशेब द्यावा लागला. मग विनाकारण निघालेल्या बाईचं काय?

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. करताना पहिल्यांदा या भागात आले ती भावाला बरोबर घेऊन. आईची तीच अट होती. पुढे नोकरी लागली, पाडे फिरले, रात्री-अपरात्री एसटीनं आले-गेले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण ते काम होतं. पण एकदा सुटीत एका तीर्थक्षेत्री एकटी गेले, तर तिथल्या लॉजवाल्यानं सांगितलं, "एकट्या बाईला खोली देत नाही." खोल्या रिकाम्या होत्या. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा नाही. ती रात्र मी एसटी स्टँडवर काढली. म्हणजे माझ्या 'सुरक्षिततेसाठी' मला रस्त्यावर झोपवलं.

तरीही मी जाणं सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एकटीच नाणेघाटात गेले. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरली, टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याजवळ उतरले आणि चढू लागले. घाटाच्या वरच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची मोजदाद आहे. ती राणी होती, सत्ता होती, म्हणून तिचा हिशेब दगडात राहिला, हे खरं. तरीही ज्या वाटेनं व्यापारी बैल हाकत, जकात भरत, त्या वाटेवर एका बाईचा शब्द इतकी वर्षं टिकून आहे, हे पाहून मला बरं वाटलं. मी तिथे तासभर नुसती बसले. काही वाचलं नाही, कोणाला फोन केला नाही.

उतरताना वाटेत ताक विकणारी एक बाई भेटली. तिनं मला खालीवर पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाय, एकलीच आलीस? घरी काय झालं?" तिला वाटलं, मी भांडून निघाले, किंवा जीव द्यायला आले. मी म्हटलं, "काही झालं नाही. बघायला आले. तुम्हीही एकट्याच की!" ती हसून म्हणाली, "मी काय फिरायला येते का?" रोज पहाटे डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन ती तो डोंगर एकटी चढते. घाट तिच्या पायाखालचा. पण लेणं आतून नीट पाहिलंय का, विचारलं, तर म्हणाली, "गिऱ्हाईक सोडून कधी बघणार?" मैत्रिणींनो, मला हे फार लागलं. रोज तिथे जाणाऱ्या बाईला ती जागा पाहायची मुभा नाही, आणि मला आहे. हा फरक शिक्षणाचा आहे, पगाराचा आहे, जातीचाही आहे. मला वाटेत लोक 'मॅडम' म्हणतात. माझ्याच वाटेनं चाललेल्या कातकरी बाईला 'ए, कुठे चाललीस?' म्हणतात. एकटीच्या प्रवासाचं बोलताना हे विसरून चालणार नाही.

दुसरी जागा आजोबाचा डोंगर. डोळखांबच्या पुढे डेहण्याहून वाट आहे. इथले लोक सांगतात, सीतेनं लव-कुशांना इथे जन्म दिला, आणि मुलं वाल्मीकींना आजोबा म्हणायची म्हणून डोंगराचं नाव आजोबा. वर कड्यात लव-कुशांचा पाळणा दाखवतात. आपण भक्तिभावानं तिथे जातो. पण जाल तेव्हा एवढं आठवा, की गरोदर सीता त्या रानात स्वतःच्या मर्जीनं गेली नव्हती. बाईला एकटीला रानात सोडलेलं आपल्या कथांना चालतं. ती आपण होऊन गेलेली मात्र चालत नाही.

आता भीतीबद्दल. "ताई, काही झालं तर?" हा प्रश्न खोटा नाही. रिकाम्या डब्यात, अंधाऱ्या फलाटावर छातीत धडधडतं, माझ्याही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहा. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं सर्वांत मोठं सदर 'पती व नातेवाईकांकडून छळ' हेच आहे. म्हणून घरात राहा म्हणजे सुरक्षित राहाल, हा सल्ला पुराव्यावर उभा नाही. बाहेरची भीती कमी करायची तर बाईला कोंडून नाही, दिवा लावून होते, संडास बांधून होते, शेवटची एसटी वेळेवर सोडून होते.

थोडी माहिती गाठीला बांधा. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३९ नुसार, पुरुष सोबत नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं तरी तिला वाटेल तिथे गाडीतून उतरवता येत नाही. जिथे ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, इथेच उतरवता येतं आणि तेही दिवसाउजेडी. याचा अर्थ तिकीट काढू नका असा नाही. काढाच. पण कुणी रात्री आडस्टेशनवर उतरवू लागला तर हे कलम सांगा. रेल्वेचा मदतीचा क्रमांकही १३९ च आहे, तो लक्षात राहायला सोपा. इतरत्र ११२. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. ते फक्त दवाखान्यासाठी आणि बाजारासाठीच वापरायचं, असं कुठे लिहिलेलं नाही.

मग एकटीनं जावं कुठे? देखावा सुंदर आहे एवढ्यावर ठरवू नका. मी पाच गोष्टी पाहते. परतीची शेवटची गाडी कितीला? उजेड किती वाजेपर्यंत? संडासाची सोय आहे का? वाटेत बायका भेटतात का? आणि चहाच्या टपरीवर बाई बसली तर लोक टक लावून पाहतात का? या हिशेबानं पहिल्या वेळी टिटवाळा सोपा. देवळात गर्दी असते आणि देवाचं कारणही तयार असतं. दुसऱ्या वेळी आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्यापर्यंत. किल्ला चढायलाच हवा असं नाही. नाणेघाट आणि आजोबा त्यानंतर, पावसाळा सोडून, सकाळी लवकर निघून. घरी किंवा मैत्रिणीला सांगून जा. हे सांगणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे, एवढा फरक मात्र मनात ठेवा.

शेवटी तीन कामं सुचवते. पहिलं, गटातल्या प्रत्येकीनं तीन महिन्यांतून एक दिवस एकटीनं, कामाशिवाय कुठेतरी जाऊन यायचं. अगदी पुढच्या स्टेशनापर्यंत गेलात तरी चालेल. दुसरं, गटात एक वही ठेवायची. कुठे गेलो, दिवा होता का, संडास होता का, कोणी काय विचारलं, सगळं लिहायचं. लिहिता येत नसेल तिनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात बंधनकारक आहे. त्या सभेत ही वही वाचा आणि एसटी आगारातही घेऊन जा. तिसरं, ज्यांच्या घरी एक खाट जास्तीची आहे त्यांनी एकट्या बाईला रात्रीचा मुक्काम द्यावा. तिच्याकडून योग्य पैसे घ्या, पण कारण विचारू नका.

त्या ताकवाल्या बाईंना मी शब्द दिलाय. पुढच्या हिवाळ्यात एक दिवस मी त्यांच्या मडक्याजवळ बसून ताक विकणार आणि त्या लेण्यात जाऊन नुसत्या बसणार. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. एकेकटीनं या!