उजव्या हाताला नदी : परिक्रमेची तयारी आणि हातातला फोन

(जबलपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नर्मदा परिक्रमेवर बोलायला उभं राहिलेलं माणूस बहुधा अनुभव सांगतं. आज मी अनुभव सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते निघण्याआधीच्या कामाबद्दल. दरवर्षी कार्तिकी एकादशी झाली की पुणे, नाशिक, नागपूर, इंदूरकडची मराठी माणसं ओंकारेश्वरला उतरतात, संकल्प सोडतात आणि चालू लागतात. त्यातली काही महिन्यांनी आपल्या ग्वारीघाटावर पोचतात. त्यांच्याशी बोललात तर दिसेल की प्रत्येकाच्या फोनमध्ये माहितीचा ढीग आहे. मुक्कामांच्या याद्या, व्हिडिओ, कुणी चाललेल्या वाटेची रेघ, सगळं आहे. अडचण माहिती नसण्याची नाही. ती कधीची, कुठल्या तटाची आणि पाणी किती असतानाची, हेच बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. आणि या नदीवर एवढं कळलं नाही तर बाकीच्या माहितीचा उपयोग फार थोडा.

परिक्रमेचे नियम तुम्हाला जबलपूरकरांना मी सांगायला नकोत, पण पुढच्या बोलण्यासाठी दोन नियमांची आठवण करून देते. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून २६०० किलोमीटरच्या वर चाल. शास्त्राप्रमाणे ३ वर्षं ३ महिने १३ दिवस. चातुर्मासात एका जागी थांबायचं. आज बहुतेक जण दिवाळीनंतर निघून पावसाळ्याच्या आत पोचायचा बेत करतात.

आता फोनवरच्या नकाशाला हे नियम ठाऊक नाहीत. तो जवळची वाट शोधतो, आणि जवळची वाट पुलावरून जाते. अमरकंटकहून दक्षिण तटाने बर्मान घाटाकडे निघालेल्या माणसाने सरळ शेवटचं ठिकाण टाकून वाट विचारली, तर फोन त्याला सहज पलीकडच्या तटावर नेऊन सोडेल. तिथे चूक फोनची नाही, विचारणाऱ्याची आहे. उपाय साधा आहे. एका वेळी एका दिवसाचाच टप्पा बघायचा, मधली गावं आपल्याच तटावरची निवडून एकामागून एक टाकायची, आणि नदीची निळी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत उजवीकडे राहते का ते बोट फिरवून बघायचं. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. पण उत्तर तटावरची हिरण किंवा दक्षिणेकडची शेर, शक्कर, दुधी, तवा या कुठे ओलांडता येतात, पूल किती आत आहे, हे आधी बघून ठेवलं नाही तर संध्याकाळच्या वेळी काठावरून उलटं फिरावं लागतं. ओंकारेश्वरचीही तीच गोष्ट. मंदिर मांधाता बेटावर आहे. फोन म्हणेल पाच मिनिटांवर. परिक्रमावासी मात्र परिक्रमा पूर्ण होईपर्यंत त्या बेटावर पाय ठेवत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. वाट हलली आहे.

आपल्या गावचे अमृतलाल वेगड १९७७ साली जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने चालायला निघाले, तेव्हा ते पन्नाशीला टेकलेले चित्रकार होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले. त्यांनी परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी केली आणि ती पुस्तकांतून लिहिली. २००४ साली गुजराती पुस्तकासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१८ साली ते गेले. त्यांच्या पुस्तकांवर माझं फार प्रेम आहे, आणि म्हणूनच हे स्पष्ट सांगते: त्या पहिल्या टप्प्यातली काठाची वाट आज बरगी धरणाच्या पाण्याखाली आहे. १९९०च्या सुमारास जलाशय भरला. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. वेगडांची पुस्तकं नदी कशी बघावी हे शिकण्यासाठी वाचायची. मुक्काम ठरवण्यासाठी ती उघडायची नाहीत.

मराठीतही आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचं परिक्रमेचं पुस्तक. ठाकूर पुढे खरगोन जिल्ह्यातल्या लेपा गावी मुलांच्या शाळेच्या कामात राहिल्या. पुष्कळ मराठी माणसं ही पुस्तकं वाचूनच घर सोडतात. ती वाचावीतच. पण प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा, ही चाल कोणत्या वर्षीची. शूलपाणीच्या झाडीबद्दल जुन्या वर्णनांत असतं की भिल्ल मामा परिक्रमावाशाला अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटतात. ते वाचून आजही लोक घाबरून जातात. आज त्याच डोंगरांतल्या घरांत परिक्रमावाशाला बोलावून भाकरी वाढतात, स्वतःच्या घरात फार नसताना वाढतात. जुनी भीती नव्या माणसावर लादणं हा त्या घरांवर अन्याय आहे.

त्याच झाडीतली काठाची वाट सरदार सरोवराने बुडवली. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. बडवानीचा राजघाट पाण्यात गेला, शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर गेलं. आता चालणारे नदीपासून आत सरकून सातपुड्याच्या डोंगरांतून येतात आणि आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडे उतरतात. या भागात फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नये. नकाशा घरीच उतरवून घ्यायचा. ओपन स्ट्रीट मॅप हा लोकांनी मिळून केलेला फुकट नकाशा आहे, आणि त्यावर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमॅन्डसारखी ॲप इंटरनेट नसतानाही काम करतात. डोंगरातल्या पायवाटा त्यात कधीकधी गूगलपेक्षा जास्त सापडतात, कधी अजिबात नसतात. दोन्ही बघावेत.

आणि इथे मला एक गोष्ट जरा सावकाश सांगायची आहे, कारण ती फार कमी लोक करतात. अमेरिकेच्या टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराचे १९५०च्या दशकातले हिंदुस्थानचे नकाशे फुकट उपलब्ध करून ठेवले आहेत. १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर हे त्यांचं प्रमाण. जबलपूर-मंडल्याचा भाग त्यात उघडा. धरण नाही, जलाशय नाही, नर्मदा एक वळणावळणाची रेघ आहे आणि दोन्ही काठांना गावांची नावं दाटीने लिहिली आहेत. मग आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन नकाशांमधला तोच भाग घ्या, १:५०,००० प्रमाणाचा. त्यात उंचीच्या रेषा आहेत. बरगीची पूर्ण पातळी ४२२.७६ मीटर आहे, ती उंची जिथून जाते तिथून बोट फिरवा. तो आजचा काठ. तिसरं, इस्रोचं भुवन किंवा युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चित्रं उघडा. सेंटिनेलची चित्रं दर पाच दिवसांच्या आसपास नवी मिळतात आणि तीही फुकट. नोव्हेंबरचं चित्र आणि मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवलंत की डोळे उघडतात. नोव्हेंबरात पाण्याचे हात ओढ्याओढ्यांतून कोसभर आत शिरलेले असतात, आणि प्रत्येक हाताला वळसा घालावा लागतो. मेमध्ये तेच हात कोरडे, गाळाचे, आणि काही ठिकाणी लोकांनी त्यात पीक घेतलेलं. दोन गावांमधलं अंतर हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरं. मग कुणी यादीत लिहिलं, ‘अमुक ते तमुक, बारा किलोमीटर’, तर तो आकडा कुठल्या महिन्याचा?

धरणाखालच्या भागात वेगळी काळजी. बरगीतून पाणी सोडलं की आपल्याकडे ग्वारीघाट, तिलवारा, लम्हेटा, भेडाघाट इथल्या पायऱ्यांवर फरक पडतो, हे तुम्ही रोज बघता. बाहेरून आलेल्याला ते कळत नाही. तो रात्री वाळूत आसन लावतो. जलाशयांच्या पातळीची आकडेवारी आणि केंद्रीय जल आयोगाचा पूर-अंदाज इंटरनेटवर मिळतो. तो बघावा, आणि त्याहून आधी घाटावरच्या नावाड्याला विचारावं. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. एप्रिल-मेमध्ये चालणाऱ्याने ते ठेवावंच.

समुद्राच्या ठिकाणी हिशेब पूर्ण बदलतो. दक्षिण तटावर विमलेश्वरला वाट संपते आणि उत्तर तटावरच्या मिठी तलाईला होडीने जायचं असतं. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. होडी भरतीच्या पाण्यावर सुटते, घड्याळावर नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आज सकाळी सुटलेली होडी आठवड्याने दुपारी सुटेल, कधी मध्यरात्रीनंतर. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीची कोष्टकं इंटरनेटवर मिळतात, पंचांग घरात असतंच. ते दोन्ही बघून अंकलेश्वर सोडतानाच अंदाज घेतला, तर विमलेश्वरला ऐनवेळी परतीच्या रेल्वे आरक्षणासाठी कुणी नावाड्याशी हुज्जत घालणार नाही. शेवटचा शब्द नावाड्याचाच.

आता एका गोष्टीबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. फोनवरून फिरणाऱ्या त्या याद्या. गावाचं नाव, सेवा करणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, ‘राहण्याची व जेवणाची सोय’. ज्यांनी पहिल्यांदा केल्या त्यांचा हेतू चांगला होता, आणि मोठ्या आश्रमांच्या बाबतीत त्या उपयोगीही आहेत. पण त्यात साध्या शेतकऱ्यांची, विधवा आजींची, रोजंदारीवर जाणाऱ्या माणसांची नावं शिरली आहेत. एखाद्या आजीने कधीतरी दारात आलेल्याला विचारलं, ‘कितनी मूर्ति हैं?’ आणि मूर्ती, म्हणजे माणसं, मोजून पोळ्या टाकल्या, किंवा सदाव्रत म्हणून पीठ, डाळ, मीठ ओंजळीत घातलं. तिचा नंबर यादीत गेला. पुढच्या वर्षी तिला फोन येतो, आम्ही पंधरा जण संध्याकाळी पोचतो, दोघांना मधुमेह आहे. तिने आपणहून दिलेलं होतं. यादीने ते तिच्या गळ्यात बांधलं. माझं मत ठाम आहे: घरगुती सेवेचा नंबर त्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये, आणि त्याने हो म्हटलं तरी दरवर्षी पुन्हा विचारावं. यादीत फक्त गाव लिहावं, तट लिहावा, धर्मशाळा किंवा शाळेचा व्हरांडा आहे का ते लिहावं. आणि खाली तारीख घालावी. तारीख नसलेली यादी पुढे पाठवू नये.

गरुडेश्वरला टेंभे स्वामींच्या समाधीपाशी मराठी माणसांची ये-जा १९१४पासून आहे. म्हणजे या नदीकाठाशी आपलं नातं फोनच्या कितीतरी आधीचं. त्या काळात एका परिक्रमावाशाने दुसऱ्याला सांगितलेली वाट ताजी असायची, कारण सांगणारा कालच त्या वाटेने आलेला असायचा. तोच ताजेपणा आज आपल्याला लिहून ठेवता येईल, आणि ते काम जबलपुरात बसून होण्यासारखं आहे.

बरगीच्या नव्या काठावर विस्थापितांनी पुन्हा वसवलेल्या कितीतरी वस्त्या आहेत. नकाशावर तिथे नुसता हिरवा रंग दिसतो. ओपन स्ट्रीट मॅपवर कुणीही नाव घालू शकतं, देवनागरीत घालू शकतं, हातपंप, दवाखाना, पायवाट दाखवू शकतं. आपल्या सभागृहात आज कॉलेजची मुलं-मुली बसली आहेत. तुमच्याकडे मोटारसायकली आहेत, फोन आहेत, सुट्टी आहे. येत्या दिवाळीच्या आधी बरगीपासून मंडल्यापर्यंतच्या उत्तर तटावर एक-एक शनिवार-रविवार जा. वस्तीतल्या माणसाला विचारून त्याच्या गावाचं त्याने सांगितलेलं नाव लिहा, पाणी कुठे मिळतं ते लिहा, वाट कोणत्या महिन्यात बंद होते ते लिहा. कार्तिकी एकादशीनंतर निघालेले लोक उत्तर तटाने साधारण फेब्रुवारीच्या पुढे आपल्याकडे पोचतात. तोवर हे काम पूर्ण होऊ शकतं. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाजवळ थांबावं, नावं लिहून घेऊ.

नर्मदे हर.