घराला अस्तर कोणी घालावे?

आपल्या शिरोलीच्या कारखान्यांत बीड वितळवतात. बीड वितळायला सुमारे १२०० अंश उष्णता लागते. ती बाहेर जाऊ नये म्हणून भट्टीला आतून अस्तर असते. घराचे उलटे आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो. ती उष्णता आत येऊ नये म्हणून घरालाही अस्तर हवे. तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना उकाडा फार बाधतो.

हे काम आपण करावे, की कारागीर बोलवावा?

काही कामे घरची माणसे करू शकतात. मावळतीच्या भिंतीला बाहेरून चुना द्यावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. मधली हवा उष्णता अडवते. शिडी दुसऱ्याने धरावी. छत चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवावे.

पण तीन कामे आपण करू नयेत. पत्र्यावर चढणे, विजेची तार हलवणे आणि जुना सिमेंटचा पत्रा कापणे. तो पत्रा पायाखाली फुटतो. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि रोग पुष्कळ वर्षांनी दिसतो. धड असलेला पत्रा तसाच राहू द्या. चार दिवसांची मजुरी वाचेल, पण कर्ता माणूस पडला तर घर बसेल, बघा!

कारागीर बोलवाल तेव्हा माप, माल आणि मजुरी कागदावर लिहून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.