आकाश, श्रद्धा आणि आपली गच्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



२५ वर्षांच्या आठवणी इतरांनी छान सांगितल्याच आहेत. मला जरा लांबचं, म्हणजे आकाशातलं बोलायचंय. मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरी रोज देवाला फूल वाहते. त्यामुळे बिल्डिंगमधली मुलं मला हमखास विचारतात, "आजी, रॉकेट देवामुळे उडतं की इंजिनामुळे?" आज त्याचं उत्तर देते.

पहिली गोष्ट केरळमधल्या थुंबा गावाची. तिरुवनंतपुरमजवळचं हे कोळ्यांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त इथून अगदी जवळून जातं, म्हणून वरच्या वातावरणाचा अभ्यास करायला ही जागा उत्तम. डॉ. विक्रम साराभाईंनी ती हेरली. पण तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं आणि भोवती लोकांची घरं. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. पुढचं डॉ. अब्दुल कलाम नेहमी सांगत. बिशपनी परस्पर होकार दिला नाही. रविवारच्या प्रार्थनेला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विषय मांडला. विज्ञानाचं काम आणि धर्माचं काम, दोन्ही माणसाच्या भल्यासाठीच. तर आपलं देवाचं घर या कामाला द्यायचं का? सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, "आमेन."

कोळ्यांनी घरं सोडली, देवाची जागा दिली. प्रार्थनेच्या खोलीत प्रयोगशाळा आली, बिशपच्या खोलीत आराखडे काढले जाऊ लागले. रॉकेटचे भाग सायकलवरून नेले, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं होतं, पण उडालं आपल्या भूमीवरून. जैन कुटुंबात जन्मलेले साराभाई, मुसलमान कलाम आणि ख्रिस्ती कोळी, सगळ्यांचे हात त्याला लागले. आज त्याच चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे.

आता चंद्राकडे जाऊ. २४ डिसेंबर १९६८, नाताळची आदली रात्र. अपोलो ८ मधून बोरमन, लव्हेल आणि अँडर्स चंद्राभोवती फिरत होते. माणूस पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. तिघांनी मिळून बायबलमधली सृष्टीच्या उत्पत्तीची पहिली दहा वचनं वाचली आणि ती पृथ्वीवर सगळ्यांनी ऐकली. पुढे यावर कोर्टात दावाही झाला, की सरकारी यानात धर्मग्रंथ कशाला? तो दावा टिकला नाही. पण पुढच्या वर्षी, २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरल्यावर बझ ऑल्ड्रिन जपून वागले. रेडिओवरून ते एवढंच म्हणाले, की सर्वांनी क्षणभर थांबावं आणि आपापल्या पद्धतीने आभार मानावेत. मग रेडिओ बंद ठेवून त्यांनी स्वतःचा ब्रेड आणि वाइनचा ख्रिस्ती विधी केला. नंतर त्यांनीच लिहिलं, की आपण साऱ्या मानवजातीच्या वतीने गेलो होतो, पुन्हा संधी मिळाली तर कदाचित हा विधी करणार नाही.

मला "आपापल्या पद्धतीने" हे शब्द फार आवडतात. आपल्या सोसायटीतही कुणाकडे गणपती, कुणाकडे नाताळचा तारा, कुणाकडे रोजे. काही घरांत देव्हाराच नाही. तरीही एकाच लिफ्टने आपण वर जातो!

आता मुलांचा प्रश्न. २०१९ मध्ये चांद्रयान २ च्या आधी इस्रोचे प्रमुख तिरुपतीला जाऊन आले. लँडर कोसळला. २०२३ मध्ये चांद्रयान ३ च्या आधी शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन पुन्हा तिरुपतीला गेले. २३ ऑगस्टला लँडर अलगद उतरला. देव तोच, नमस्कार तोच. मग बदललं काय? मधल्या चार वर्षांत चूक शोधली गेली. लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. आधी उतरायला अर्धा किलोमीटर लांबीरुंदीची जागा ठरवली होती, ती चार किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केली. तेव्हा मुलांनो, रॉकेट इंजिनामुळेच उडतं, गणित चुकलं तर नवस कामाला येत नाही. पण पडल्यावर पुन्हा उभं राहायला मनाला बळ लागतं. काहींना ते श्रद्धेतून मिळतं, मला मिळतं. आणि एवढं आकाश पाहिल्यावर हात आपोआप जोडले जातात, त्याला कुठलंच गणित आड येत नाही.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या गच्चीला कुलूप असतं, सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण महिन्यातून एक संध्याकाळ, शुद्ध अष्टमीच्या सुमारास, ती मुलांसाठी उघडावी. त्या दिवशी अर्धा चंद्र असतो आणि दुर्बिणीतून त्यावरचे खड्डे फार सुंदर दिसतात. दोन मोठी माणसं हजर राहतील, त्यातली एक मी. माझ्याकडची छोटी दुर्बीण मी आजपासून सोसायटीला देते. थुंब्याच्या लोकांनी राहती घरं दिली. आपल्याला फक्त एक किल्ली द्यायची आहे.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा, ही विनंती. मोठ्यांनी हात वर करावेत, मुलांनी हवं तर "आमेन" म्हणावं, नाहीतर "मोरया"!