ट्रॉलीला ब्रेक हवाच : निवड, जोडणी आणि निगा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी बंडी हाकली आहे. भरलेली बंडी उताराला लागली की ओझे बैलांच्या अंगावर येते, जू पुढे सरकते आणि बैल मागच्या पायांवर रेलून बंडी धरून ठेवतात. आपणही कासरा ओढून धरतो. बैल थकलेले असतील तर ओझे आधीच कमी करतो. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि बंडीच्या जागी ट्रॉली आली. ओझे कितीतरी पटींनी वाढले. पण उतारावर ही ट्रॉली धरून कोण ठेवणार, हा प्रश्न विचारायचे आपण सोडून दिले. गावोगावी दिसणाऱ्या ट्रॉल्यांपैकी कितीतरींना ब्रेकच नसतात.

ओझे किती ढकलते?

साधा हिशेब करू. धानाची 40 किलोची 100 पोती म्हणजे 4 टन. ट्रॉलीचे स्वतःचे वजन सुमारे 1 टन धरा. एकूण झाले 5 टन. ओढणारा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा. रस्त्याला 20 फुटांत 1 फूट उतार असेल तर ही ट्रॉली ट्रॅक्टरला मागून सुमारे 250 किलोच्या जोराने ढकलू पाहते. उतार 10 फुटांत 1 फूट असेल तर हाच जोर 500 किलोवर जातो. टायरच्या घर्षणाने तो थोडा कमी होतो, इतकेच.

सपाट रस्त्यावरही धोका आहेच. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाताना ट्रॅक्टर एका सेकंदात 7 मीटर पुढे जातो. ब्रेकवर पाय पडेपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. त्यानंतर रिकामा ट्रॅक्टर समजा 6 मीटरांत थांबत असेल, तर तेवढ्याच ब्रेकवर 7 टनांचा सारा लवाजमा थांबायला सुमारे 21 मीटर लागतील. आपल्या भागात रस्त्यावर रानडुक्कर किंवा चितळ अचानक आडवे येते, तेव्हा हे अंतर मिळत नाही.

बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रॉली ढकलत असताना ते जोरात दाबले की ट्रॅक्टर मध्येच आडवा होतो आणि ट्रॉली त्याला उलथवते. मोठ्या ट्रॅक्टरने हा धोका टळत नाही. ट्रॉलीने स्वतःचे ओझे स्वतः थांबवले पाहिजे.

कोणता ब्रेक निवडावा?

1. ढकलब्रेक : ट्रॉलीच्या दांड्यात सरकता भाग असतो. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते आणि त्याच रेट्याने तिचे ब्रेक लागतात. ट्रॅक्टरमध्ये बदल करावा लागत नाही. मात्र लांब उतारावर ब्रेक सतत घासून तापतात. मागे घेतानाही ब्रेक लागतात, म्हणून अडकण लावण्याची सोय पाहून घ्यावी. हलक्या ट्रॉलीसाठी आणि सपाट भागासाठी हा प्रकार ठीक.

2. तेलाच्या दाबाचा ब्रेक : ट्रॅक्टरच्या ब्रेकशी जोडलेल्या व्हॉल्व्हमधून दाब ट्रॉलीच्या चाकांपर्यंत जातो. ब्रेक चालकाच्या ताब्यात राहतो. भरलेल्या ट्रॉलीसाठी आणि चढउताराच्या रस्त्यासाठी हा उपयुक्त आहे. दाब ट्रॅक्टरच्या पंपावरून येत असेल तर इंजिन बंद पडताच तो जातो. त्यामुळे ट्रॉलीला वेगळा हँडब्रेक हवाच.

3. हवेचा ब्रेक : यासाठी कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी लागते. खर्च जास्त, पण मोठ्या चारचाकी ट्रॉलीला उत्तम. टाकीत साठणारे पाणी रोज काढावे.

अमेरिकेत मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात. चालकाजवळच्या लहान पेटीतून त्यांचा जोर कमी-जास्त करता येतो. ती पेटी ट्रॅक्टरला बसवण्याचा खटाटोप करू नये. पण तिच्यामागचे तत्त्व घेण्यासारखे आहे : ट्रॉलीचा ब्रेक ओझ्याच्या मानाने लागावा, कमीही नको आणि जास्तही नको.

नवीन ट्रॅक्टर घेताना ट्रॉली-ब्रेकच्या जोडणीची सोय आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात ब्रेकची माहिती असते. तो अहवाल मागून पाहावा.

जोडणी कशी करावी?

भरलेली ट्रॉली आधी वजनकाट्यावर न्यावी. त्या वजनाला पुरेल असाच ब्रेकड्रमसह एक्सल घ्यावा. जुन्या साध्या एक्सलला ड्रम वेल्डिंग करून चिकटवू नयेत. काम ट्रॅक्टर कंपनीच्या कार्यशाळेत किंवा ब्रेकच्या जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. परवान्याच्या दृष्टीने काय लागते, ते परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

होज पाइप पूर्ण वळणावर ताणला जाऊ नये आणि चाकाला घासू नये, एवढ्या लांबीचा ठेवावा. ट्रॅक्टर डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. ब्रेक ऑइल आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल एकमेकांत कधीही मिसळू नये. चुकीच्या तेलाने रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. पाइपमधील हवा पूर्ण काढावी. पिनला लॉक हवा. शिवाय ट्रॉली सुटलीच तर दांडा जमिनीवर पडू नये म्हणून मजबूत साखळी लावावी.

चाचणी

ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडून घ्यावीत. रस्त्यावर ती जोडलेलीच असावीत. मोकळ्या सपाट मुरमाच्या जागेत ताशी 10 ते 15 किलोमीटर वेगाने चालवून ब्रेक दाबावा. ट्रॉलीने मागून धक्का दिला तर तिचा ब्रेक कमी आहे. तिने ट्रॅक्टरला मागे खेचले किंवा चाके घसटल्याची रेघ मुरमावर उठली, तर जास्त आहे. एकाच बाजूला रेघ असेल तर दोन्ही चाकांची जुळवणी समान नाही. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागावा. चाचणी आधी रिकाम्या आणि मग भरलेल्या ट्रॉलीने करावी.

निगा आणि घाट

रोवण्याच्या दिवसांत ट्रॉली बांधीच्या चिखलात जाते. लायनर ओले झाले की ब्रेक धरत नाही. रस्त्याला लागताच तीन-चार वेळा हलके ब्रेक दाबून ते कोरडे करावेत. चुरणा सुरू होण्यापूर्वी ड्रम उघडून लायनर, पाइप आणि तेल तपासावे.

माल भरताना सगळे ओझे मागे टाकू नये. दुचाकी ट्रॉलीत तसे केल्यास ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक असूनही पकड जाते.

कुरखेड्याहून कोरचीला जाताना लागणारा बेडगाव घाट किंवा गडचांदूरहून जिवतीकडचा माणिकगड पहाडाचा रस्ता आठवा. घाट उतरण्यापूर्वी वरच थांबून खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे धावती बंडी असताना बैल सोडून देण्यासारखे आहे. न्यूट्रलमध्ये वेग वाढल्यावर गिअर परत पडत नाही आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबावा, सोडावा. उतारावर उभे राहताना चाकाला लाकडी गुटका लावावा.

शेवटी एक कळकळीची विनंती. रोवण्याच्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, मंडईला आणि रात्रीच्या नाटकाला निघालेली पोरेबाळे आपण याच ट्रॉलीत बसवतो. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्याने मना आहे, आणि ते बरोबरच आहे. ब्रेक बसवला म्हणून ट्रॉली प्रवासी गाडी होत नाही. धानाचे पोते पडले तर पुन्हा उचलता येते, माणूस गेला तर परत येत नाही.

या हंगामात धान केंद्रावर नेण्यापूर्वी आपली ट्रॉली एकदा मुरमावर नेऊन ब्रेक दाबून पाहा. चाकांची रेघ तुम्हाला सगळे सांगेल.