गोष्ट सांगणारा आणि लिहून घेणारा

(मंडळाच्या वार्षिक हितचिंतक सभेत, मेळघाटातील ग्रंथालयाचं काम पाहणाऱ्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. वाचकांच्या आग्रहावरून त्याचा मजकूर येथे देत आहोत.)



मागच्या सभेत एका ज्येष्ठ बंधूंनी मला सरळ विचारलं होतं, "ताई, ज्या भागात लेकरांना पोटभर मिळत नाही, तिथं कथास्पर्धा कशाला?" त्या वेळी मी काहीतरी गोलमोल उत्तर दिलं आणि खाली बसले. प्रश्न मात्र वर्षभर माझ्याबरोबर राहिला. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आमचं ग्रंथालय म्हणजे एक खोली. दोन लोखंडी कपाटं, एक पत्र्याची पेटी, खाली चटया. दिवे गेले तर सौरकंदील. गाव धारणी तालुक्यातलं. वस्ती जवळजवळ सगळी कोरकू. घरात बोलणं कोरकूत, बाजारात हिंदी-वऱ्हाडीत आणि शाळेत मराठीत. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की कोरकू म्हणजे मराठीचीच एखादी बोली. तसं नाही. ही मुंडा कुळातली भाषा आहे. तिची नातलग मुंडारी आणि संथाळी, म्हणजे तिकडे झारखंडाकडच्या भाषा. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसं. २०११ च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सुमारे सव्वासात लाख लोक नोंदले गेले. पण शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या लेकराला त्या सव्वासात लाखांचा काही उपयोग नसतो. समोरच्या पुस्तकात त्याच्या घरातला एकही शब्द सापडत नाही.

अशा ठिकाणी आम्ही 'सर्व वयोगटांसाठी लघुकथा स्पर्धा' जाहीर केली. पहिल्या वर्षीची सूचना मीच लिहिली होती. तिच्यातल्या अटी आज आठवल्या की मान खाली जाते. कथा मराठीत असावी. स्वहस्ताक्षरात असावी. पाचशे शब्दांपेक्षा मोठी नसावी. शुद्धलेखनाला दहा गुण. आणि शेवटची तारीख डिसेंबरमधली.

डिसेंबरात आमचं अर्धं गाव गावात नसतं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही लेकरं. कथा आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतल्या बहुतेक पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या. ससा-कासव तीनदा आलं. तिन्ही वेळा कासवच जिंकलं!

शेवटच्या तारखेनंतर एक आजी ग्रंथालयाच्या दाराशी येऊन बसल्या. आत येईनात. मी बाहेर गेले. म्हणाल्या, "बाई, सगळ्या वयाच्या मानसाईसाठी हाय म्हनतेत. गोष्ट मले येते, पन लिहाले नाही येत. मंग माही गोष्ट चालनार नाही काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. फळ्यावर 'सर्व वयोगटांसाठी' असं मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत अटी घालून गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बाहेर काढणारीही मीच होते. खरं तर गोष्टींचा साठा त्यांच्याचकडे.

त्या रात्री मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. आपल्या घराघरांत 'स्मृतिचित्रे' आहे. ज्या बाईंना शाळा मिळाली नाही, ज्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून, त्यांच्या हातून मराठीतलं एवढं थोर पुस्तक झालं. त्या माझ्या स्पर्धेत आल्या असत्या, तर शुद्धलेखनाच्या दहा गुणांत मी त्यांचे किती कापले असते? आणि आणखी मागे जायचं तर प्रभू येशूने दाखले सांगितले ते तोंडीच. लिहून घेणारे मागाहून आले.

दुसऱ्या वर्षी आम्ही गावात बसून नियम बदलले. सगळे सांगत नाही, महत्त्वाचे तेवढे सांगते.

पहिला बदल वेळेचा. स्पर्धा होळीवर आणली. आमच्याकडे होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. कामाला गेलेली माणसं कुठेही असोत, होळीला घरी येतात. दुसरा बदल भाषेचा. कोरकू, मराठी, हिंदी किंवा तिन्हींची भेळ, काहीही चालेल. कोरकू देवनागरीत लिहायची, जशी कानाला ऐकू येईल तशी. शुद्धलेखनाचे गुण काढून टाकले. तिसरा बदल लिहिण्याचा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं. कागदावर दोघांची नावं आणि बक्षीसही दोघांना. अगदी लहानांनी चित्र काढून गोष्ट बोलून दाखवायची.

आणि एक अट नवी घातली. लिहून घेणाऱ्याने स्वतःचं काही मिसळायचं नाही. लिहून झालं की सांगणाऱ्याला सगळं वाचून दाखवायचं. तो 'बरोबर' म्हणाला तरच कथा पेटीत टाकायची.

ही अट सगळ्यांना क्षुल्लक वाटली होती. तिनेच सगळ्यात जास्त काम केलं. एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आपल्या आजोबांची गोष्ट लिहून घेतली. वाचून दाखवली. शेवटी त्याने स्वतःहून एक ओळ घातली होती, 'तात्पर्य : व्यसनापासून दूर राहावे.' आजोबा म्हणाले, "हे मी कवा बोललो?" मुलगा म्हणाला, "गोष्टीला तात्पर्य लागतं." आजोबा म्हणाले, "ऐकनाऱ्याले अक्कल हाय ना?" ती ओळ खोडली गेली. मी त्या वेळी तिथेच होते आणि मनात म्हटलं, बाई गं, हे तुलाही लागू आहे. आपण काम करणारी माणसं या लोकांच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आपलं तात्पर्य जोडत असतो.

दाराशी बसलेल्या आजींची गोष्ट त्यांच्या नातीने लिहून घेतली. नात पाचवीत. गोष्ट मोहाची. मोहाची फुलं रात्री गळतात, म्हणून ती वेचायला पहाटे अंधारातच जावं लागतं. तरुणपणी आजी एकदा आपल्या मैत्रिणीबरोबर गेल्या आणि झाडाखाली वाघ बसलेला. आमच्याकडे वाघाला 'कुला मामा' म्हणतात. दोघी पळाल्या नाहीत. जागीच उभ्या राहून त्याच्याशी बोलत राहिल्या. मामा, आमची टोपली रिकामी आहे, घरी लेकरं आहेत, आज तू दुसऱ्या झाडाखाली बस. उजाडलं तसा तो उठून गेला. गोष्ट एवढीच.

नातीने ती कोरकूत लिहिली. मग आम्ही मराठी करायला बसलो आणि अडलो. कोरकूत दोघांसाठी शब्दाचं वेगळंच रूप असतं. एक, दोन आणि पुष्कळ, अशी तीन वचनं. आजींच्या गोष्टीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते दोघींचं रूप आहे. मराठीत मी 'आम्ही उभ्या राहिलो' असं लिहिलं, तेव्हा ती पोरगी म्हणाली, "ताई, असं नाही. यात खूप बाया वाटतात. तिथं दोघीच होत्या." दहा-अकरा वर्षांची पोर मला माझ्या भाषेत काय कमी आहे ते सांगत होती. शाळेत हीच मुलगी मराठी बोलताना 'तो' आणि 'ती'त चुकते म्हणून गप्प बसायची. तिच्या भाषेत नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी असा भेद नाही, सजीव की निर्जीव असा भेद आहे. तिचं डोकं कमी नव्हतं. दुसऱ्या घडणीच्या भाषेतून ती येत होती. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते एका गोष्टीने कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथे उभी आहे तिच्याकडे येते.

शाळकरी गटात एका मुलीची गोष्ट आली. एका वहीच्या दोन पानांची. तिच्या घरात घडलेल्या एका दुःखाची. तीन परीक्षक होते : कोरकू जाणणारे एक निवृत्त गुरुजी, गावातली आशाताई आणि ग्रंथालयात नेहमी येणारा एक तरुण. तिघांनी ती वाचली आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

आमच्यातलेच एक जण म्हणाले, "ही आपल्या पत्रिकेत छापू या. मुलीचा फोटो घालू. पावसाळ्याआधीच्या आवाहनाबरोबर गेली तर लोकांचं मन हेलावेल." ते वाईट हेतूने बोलले नाहीत. आणि मी तुमच्यापासून लपवत नाही, मलाही ते पटलं. मी मराठी मसुदा केला. वर मथळाही घातला.

मग ती अट आठवली. वाचून दाखवायचं. मी मुलीच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे होती. मुलीने आईला कोरकूत सांगितलं की ताईला ही गोष्ट शहरातल्या लोकांसाठी छापायची आहे. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली ते मुलीने मला मराठीत सांगितलं : "इथं वाचा. इथं सगळे त्याला ओळखत होते. जे ओळखत नव्हते त्यांना नका सांगू."

मी मसुदा परत आणला आणि फाडला. म्हणून बंधुभगिनींनो, ती गोष्ट आज मी तुम्हाला सांगणार नाही. ती या पत्रिकेतही येणार नाही. होळीनंतर दोन दिवसांनी बक्षीससमारंभात, गावातल्या माणसांपुढे, ती मुलगी स्वतः ती वाचून गेली. आई पहिल्या रांगेत बसली होती.

त्या मुलीने मला नंतर काय विचारलं ते मात्र सांगते, कारण ते सांगायची परवानगी तिने दिली आहे. तिने विचारलं, "ताई, माझा शेवट बरोबर झाला का? मला वाटतं शेवटून दुसरं वाक्य नको होतं." आम्ही सगळे तिच्या दुःखाकडे बघत होतो आणि ती आपल्या वाक्याकडे बघत होती. मी पुन्हा वाचलं. तिचं खरं होतं. ते वाक्य नको होतं. आम्ही दोघींनी ते काढलं.

आता मागच्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर. कथास्पर्धेने पोट भरत नाही. ते काम आपलं मंडळ वेगळं करतं आहे आणि ते थांबू नये. पण भूक काय आणि आजार काय, ते कोणाला तरी सांगावं लागतं. आमच्या बाया दवाखान्यात जातात, विचारलं तर मान हलवतात आणि परत येतात. मराठीत चुकू ही भीती असतेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपलं बोलणं कोणी पूर्ण ऐकून घेईल याची सवय नसते. होळीनंतर आशाताईंनी मला सांगितलं की, स्पर्धेत गोष्ट सांगितलेली एक बाई तपासणीच्या वेळी पहिल्यांदाच म्हणाली, "थांबा, माझं अजून संपलं नाही." हे स्पर्धेमुळेच झालं असा दावा मी करत नाही. पण ज्याचं बोलणं एकदा कोणी शेवटपर्यंत ऐकून, लिहून, त्यालाच परत वाचून दाखवलं आहे, त्याला आपल्या बोलण्याची किंमत कळते. माझं उत्तर एवढंच आहे.

शेवटी मागणं. जुनी पुस्तकं आपण प्रेमाने पाठवता, त्याबद्दल आभार. पण स्पर्धापरीक्षांची मागच्या वर्षांची मार्गदर्शकं आणि पानं निसटलेली शब्दकोडी कृपा करून पाठवू नका. ती पेटीतच राहतात. मोठ्या अक्षरांची, चित्रांची मराठी पुस्तकं पाठवा. कोऱ्या वह्या पाठवा. म्हाताऱ्या विजेत्यांना आम्ही बॅटरी देतो. रात्री गोष्ट सांगायला शेजारच्या घरी जाताना उपयोगी पडते, ती पाठवा. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या गोष्टींची एक छोटी पुस्तिका करायची आहे, डाव्या पानावर कोरकू, उजव्या पानावर मराठी. तिच्या छपाईला हातभार लावा. ती पहिल्यांदा गावातल्या प्रत्येक घरात जाईल, मग तुमच्याकडे येईल.

आणि एक गोष्ट बिनपैशाची. पुस्तिका हाती आली की एखादी गोष्ट निवडा आणि ती सांगणाऱ्याला चार ओळींचं पत्र लिहा. 'वाचून डोळे भरून आले' असं लिहू नका. त्यातलं काय आवडलं ते लिहा. वाघाशी बोलणं आवडलं असेल तर तसं लिहा. पत्र आम्ही वाचून दाखवू.

आजींनी परवाच विचारलं, या होळीला दुसरी गोष्ट चालेल का. मी म्हटलं, चालेल. त्या म्हणाल्या, "मंग नातीले सांग, वही मोठी आन."