संगणकाचे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणकांच्या बाबतीत एक महत्त्वाची घटना घडली, आणि त्या संगणकांसमोर बसून नित्याचे काम करणाऱ्या पुष्कळांना तिची चाहूलही लागली नाही. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेली ‘विंडोज १०’ ही कार्यप्रणाली त्या दिवशी सेवानिवृत्त झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रे नेहमीप्रमाणे सुरू झाली. पत्रे लिहिली गेली, हिशेब झाले, लग्नपत्रिकाही छापल्या गेल्या. मग बदलले ते काय? त्या प्रणालीत सापडणारे दोष दुरुस्त करण्याचे काम कंपनी तोवर दरमहा बिनबोभाट करीत असे. ती जबाबदारी तिने खाली ठेविली. नाव नोंदविणाऱ्या ग्राहकांना तिने एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली हे खरे. पण मुदतवाढीने प्रश्न सुटत नाही, लांबतो.

कार्यप्रणाली, इंग्रजीत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती संगणकाच्या घरातील कारभारी होय. कळफलकावर बोट पडले की अक्षर पडद्यावर उमटविणे, लिहिलेला मजकूर डिस्कवर नेमक्या जागी ठेवणे, प्रिंटरला निरोप देणे, बाहेरून येणाऱ्याला दारात हटकणे, ही सारी कामे तिची. घरमालकाचा या कारभाऱ्याशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो, आणि म्हणूनच तो बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे मालक गोंधळून जातो. चालते आहे ते का मोडावे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. तो अगदीच अनाठायी नाही. २००७ साली ‘व्हिस्टा’ नावाची प्रणाली आली, तेव्हा ती सामान्य यंत्रांना इतकी जड वाटली की, जुन्या ‘एक्सपी’वरच ठाण मांडून बसलेले लोक शहाणे ठरले.

परंतु ठाण मांडून किती काळ बसावे, यालाही मर्यादा आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम एका यंत्रातून दुसऱ्यात असा पसरत गेला, फाइलींना त्याने कुलपे घातली आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत त्याने हाहाकार उडविला. रुग्णांच्या ठरलेल्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील सरकारी लेखापरीक्षणाच्या अहवालात नमूद आहे. ज्या फटीतून हा चोर शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, काढलेली होती. ‘एक्सपी’ची सेवा २०१४ सालीच थांबली असल्यामुळे तिच्या सर्वसामान्य ग्राहकांच्या वाट्याला ती आली नव्हती. ‘विंडोज ७’च्या ग्राहकांना ती मिळत होती, पण पुष्कळांनी ती बसविलीच नाही, आणि बळी पडलेल्या यंत्रांत त्यांचीच संख्या मोठी निघाली. तेव्हा केवळ नवी प्रणाली घेतल्याने यंत्र सुरक्षित होत नाही. पण जिला दुरुस्ती मिळण्याची सोयच उरली नाही, तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे दार उघडे टाकून उशाशी पेटी ठेवून झोपण्यासारखे आहे.

२०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’मध्ये जावयाचे, तर यंत्रात टीपीएम २.० ही, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय असावी लागते, आणि प्रोसेसरही कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो. २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे येथेच अडतात. अट सुरक्षेच्या दृष्टीने निराधार नाही. तरीसुद्धा धडधाकट यंत्र एवढ्यापायी अपात्र ठरावे आणि भंगाराच्या वाटेला लागावे, हे कोणाही काटकसरी गृहस्थाच्या पचनी पडणे कठीण. अशांसाठी ‘लिनक्स’चा मार्ग मोकळा आहे. १९९१ साली फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि देवनागरीही नीट लिहिते. मात्र विंडोजसाठी रचलेले प्रोग्रॅम तिच्यावर सरळ चालत नाहीत, आणि मराठी छपाईचे बहुतेक काम त्याच प्रोग्रॅमांवर झालेले आहे.

येथे या स्थलांतराची खास मराठी अडचण सुरू होते. कंपनीच्या सूचनापत्रकांत तिचा पत्ता नसतो. बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील एखादा लहान छापखाना डोळ्यांसमोर आणावा. गावच्या मराठी मंडळाच्या स्मरणिका, वाचनालयाचे वार्षिक अहवाल, स्थानिक कवीचा एकुलता एक संग्रह, कोणा घराण्याची वंशावळ, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, हे सारे त्याच्या यंत्रात वर्षानुवर्षे साठत आलेले असते. महाराष्ट्राबाहेर मराठी मजकूर जुळविणारे छापखाने मुळातच थोडे. त्यामुळे एखाद्या गावच्या मराठी माणसांचे वीस-पंचवीस वर्षांचे छापील आयुष्य एकाच हार्ड डिस्कवर असणे मुळीच अशक्य नाही.

आणि हा मजकूर, संगणकाच्या दृष्टीने पाहिले तर, मराठी नाहीच! हे विधान चमत्कारिक वाटेल. म्हणून त्याचा थोडा खुलासा अवश्य आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो. रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’चा अंक ६५. पूर्वीच्या पद्धतीत असे एकंदर २५६ अंक असत, आणि त्यांत देवनागरीला वेगळी जागा नव्हती. तेव्हा मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती योजिली. जुन्या छापखान्यात खिळ्यांची केस असे. तिच्या रोमन खणांत त्यांनी देवनागरी खिळे भरून ठेविले. यंत्र समजे की आपण रोमन अक्षर लिहीत आहो. पडद्यावर आणि कागदावर उमटे ते मराठी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा निरनिराळ्या संचांवर मराठी मुद्रणाने अनेक वर्षे काढली, आणि उत्तम काढली. त्या युक्तीला आज नावे ठेवण्याचे कारण नाही. ती नसती तर मराठी संगणकावर आलीच नसती. परंतु प्रत्येकाच्या केसमधील खणांची मांडणी वेगळी. एका संचातील मजकूर दुसऱ्याला वाचता येत नाही, आणि फॉन्टच नाहीसा झाला तर स्मरणिकेच्या जागी रोमन अक्षरे, टोप्या घातलेले स्वर आणि परदेशी चलनांची चिन्हे यांची खिचडी उरते.

नव्या यंत्रावर, किंवा डिस्क पुसून नव्याने बसविलेल्या प्रणालीवर, हे फॉन्ट आपोआप येत नाहीत. शिवाय ते चालविणारा प्रोग्रॅम बहुधा एका लहानशा कुलपाला बांधलेला असतो. डाँगल नावाचे हे कुलूप यंत्राच्या मागे लावावयाचे असते. ‘विंडोज ११’ केवळ ६४ बिटांची आहे. १६ बिटांचे प्राचीन प्रोग्रॅम तिच्यावर मुळीच चालत नाहीत. आणि डाँगलसाठी किंवा जुन्या प्रिंटरसाठी ६४ बिटांचा ड्रायव्हर काढलेला नसेल, तर ती त्यांना ओळख देत नाही. ‘पेजमेकर’ची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यावरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यात देवनागरीला स्वतःचे १२८ खण मिळाले; ‘क’चा अंक २३२५, मग यंत्र कोणाचेही असो. ‘विंडोज २०००’पासून ही सोय कार्यप्रणालीतच आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट अक्षरकलाकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. पुढे ‘विंडोज १०’पासून ‘मंगल’ हा ऐच्छिक साहित्यात गेला. तो मागवून घेतला नाही तर दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो, ओळी सरकतात, पाने वाढतात. पण मजकूर वाचता येतो, आणि फरक आहे तो हाच.

जुन्या संचातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम मिळतात. तथापि त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असते, कारण ती दिसतेही आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘किती’मधील ‘कि’ उलटा फिरवावा लागतो, आणि जोडाक्षर आले की फिरविणारा चुकतो. रफाराची कथा तीच. या भाषणाच्या मथळ्यातील शब्दच कसोटीला लावून पाहावा. ‘बिऱ्हाड’मधील अर्धा ‘र’ ही मराठीची खास चीज. बेसावध रूपांतरात त्याचा रफार होऊन ‘बिर्हाड’ होतो. तो बरोबर आला तरी यंत्रात तो दोन प्रकारांनी लिहिता येतो. दोन्ही प्रकार दिसतात सारखेच, पण एका प्रकारे शोधले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. सूची करणाऱ्या ग्रंथपालाने हे जाणून असावे.

म्हणून स्थलांतराचा क्रम महत्त्वाचा. जुनी प्रणाली चालू आहे तोवरच, डाँगल जागेवर असतानाच, प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून तिची पीडीएफ प्रत काढावी आणि तीत फॉन्ट अंतर्भूत करावा, म्हणजे पानाचे रूप टिकते. मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि तो त्या पीडीएफशी ताडून कोणा मराठी वाचणाऱ्या माणसाने मुद्रितासारखा तपासावा. हे काम कंटाळवाणे आहे; वंशावळीतील नावे तर एकेक अक्षर पाहून तपासावी लागतात, कारण तेथे अंदाजाने वाचून भागत नाही. सर्व साठ्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. त्यानंतरच नव्या प्रणालीला हात लावावा. जुनीवरच नवी चढविली आणि पस्तावा झाला, तर मागे फिरण्याची सोय एरवी दहाच दिवस असते. तेव्हा प्रिंटर, कळफलक आणि बिलांचा प्रोग्रॅम यांची परीक्षा पहिल्या आठवड्यातच उरकून घ्यावी.

एवढे करूनही तपासावयाच्या फाइली शेकड्यांनी उरतील. अशा वेळी जुने यंत्र मोडीत काढू नये. त्याची इंटरनेटची जोडणी कायमची तोडावी, डाँगल त्यालाच लावून ठेवावा आणि ते छापखान्याच्या एका कोपऱ्यात मांडावे. पावसाळ्याचे मंदीचे दिवस आले की रोज एक स्मरणिका त्यातून उघडावी.